मागं गेलेला हात

सोमवारी प्रार्थनेच्या आधी बाळासोनं मला त्याच्या मोबाइलवर माझाच व्हिडिओ दाखवला, आणि त्यात मला माझा उजवा हात दिसला. बाळासो आमच्या शाळेचा शिपाई. ज्युडोच्या तासाचे फोटो, व्हिडिओ वर पाठवायचे असतात, म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते काम त्याच्या गळ्यात मारलंय. "सर, कसलं भारी पडलाय बघा की," तो म्हणाला. वीस सेकंदांचा तुकडा. मी गादीच्या कडेला उभा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, समोर चौथीची पोरं मांडी घालून बसलेली. मी काहीतरी बोलतो, गुडघे वाकवतो, मागं जातो, आणि पाठ गादीला लागायच्या जरा आधी माझा उजवा हात गुपचूप मागं जाऊन गादीवर टेकतो. पाठ लागतच नाही. त्या हातावर तोल सांभाळून मी कुशीवर वळतो, उठतो, पोरं टाळ्या वाजवतात. बाळासोनं टाळ्यांपाशी व्हिडिओ संपवला होता. मी तो तीनदा बघितला. त्याला वाटलं, सर खूश झाले. तो घंटा द्यायला पळाला आणि मी राष्ट्रगीताला उभा राहिलो तेव्हा माझे दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले होते, आणि त्यातला एक माझा नव्हताच असं मला वाटत होतं.

हे सगळं गुरुवारचं. त्या टाळ्यांनंतर दोन मिनिटांनी आम्रपाली गादीवर आली, तिनं तोच हात तसाच मागं टाकला, आणि तिचं मनगट मोडलं. नऊ वर्षांची पोरगी. ओरडली नाही. उठून बसली आणि डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. मी आणि बाळासोनं तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. कृष्णा नाक्यापाशी ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली तेव्हा ती माझ्या पाठीला तोंड लावून म्हणाली, "सर, माझं चुकलं. मी नीट पडले न्हाई. पप्पांना सांगू नगा." मी म्हणालो, "बरं." एवढंच म्हणालो. 'बरं' हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा वापरतो. हजेरी घेताना वापरतो, बायकोशी फोनवर बोलताना वापरतो. त्या दिवशी तो तोंडातून सुटला आणि गाडी पुढं गेली.

खोटं कशाला बोला, मला गुरुवारीच माहीत होतं. सोमवारी ते फक्त दिसलं. माणूस दिसेपर्यंत स्वतःला बरंच काही पटवू शकतो. गादी सरकली असेल. पोरीची हाडंच नाजूक असतील. घाईनं गेली असेल. शुक्रवारी आणि शनिवारी हेच पटवत मी तास घेतले, रविवारी मंडईतून मेथी आणली, मुलाशी दहावीच्या निकालावरून भांडलो. आणि सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावून टेबलावर कागद ठेवला. छापलेलाच होता. 'सदर विद्यार्थिनीने शिक्षकांच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून चुकीच्या पद्धतीने कृती केल्यामुळे' वगैरे वगैरे, खाली माझं नाव आणि सहीची जागा. "पालक अकराला येतोय," बाई म्हणाल्या. "सही करा आणि मोकळे व्हा. ज्युडोचं खूळ आपण आता बंदच करू. आपल्याला काय करायचंय? पोरं धडधाकट घरी गेली म्हणजे झालं." बाई वाईट नाहीत. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला कागद कसा लिहायचा ते कळतं. मी कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत येऊन बसलो. सव्वानऊ झाले होते.

पाडायच्या आधी पडायला शिकायचं, हे ज्युडोतलं पहिलं. सांगलीला तीन दिवसांचं शिबिर होतं, प्रत्येक शाळेतून एक शिक्षक. आमच्या शाळेतून मी, कारण माझे कान. माझे कान चुरगळलेले आहेत, लहानपणी तालमीत घासून घासून झालेले, आणि कराडात असे कान बघितले की माणसं न विचारता 'पैलवान' म्हणतात. बाई म्हणाल्या, सर, तुम्हीच जा, तुमच्या रक्तातच आहे. शिकवायला राजेश्वरी नावाची मुलगी होती, तेवीस-चोवीस वर्षांची, बारीक, आवाज मात्र मैदानापलीकडं जाणारा. "मागं पडताना हात कधीच मागं टेकवायचा नाही," ती म्हणाली. "हनुवटी छातीला. नजर पोटाकडं. पाठ गोल. आणि पाठ लागली की दोन्ही हात बाजूला गादीवर जोरात आपटायचे. सगळा मार ते हात खातात. पडायला आलं की भीती जाते, मग पुढचं सगळं सोपं." मग चाळीस शिक्षक, बहुतेक माझ्यासारखे पोट सुटलेले, हसत-खिदळत धपाधप पडायला लागले. मी म्हणालो, माझी कंबर दुखतेय. तिन्ही दिवस मी भिंतीला टेकून बसलो, वहीत लिहून घेतलं, तिचा व्हिडिओ काढून आणला. शेवटच्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, कंबर खरंच दुखतेय का?" मी जरा तोडूनच बोललो. म्हणालो, "मग काय, खोटं बोलतोय का मी?" तिनं मला प्रमाणपत्र दिलं.

कंबर ठणठणीत होती. मला पाठ टेकायची नव्हती. आता हे कुणाला सांगितलं तर हसेल, पण आमच्या घरात पाठ ही साधी गोष्ट नव्हती. आमचे आबा, म्हणजे माझे वडील आकाराम पैलवान, शिराळ्याच्या बाजूच्या आमच्या गावात अजून नाव घेतात त्यांचं, ते आयुष्यात कधी उताणे झोपले नाहीत. उताणा झोपतो एक मेलेला, नाहीतर हारलेला, असं म्हणायचे. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आजची रात्र उताणं पडून राहा, कूस वळू नका. आबा तासाभरात कुशीवर. सिस्टर ओरडली तर तिला म्हणाले, "डोळा गेला तर जाऊ दे बाई, दुसरा हाय." आम्हाला त्यांनी चालायला शिकवलं नसेल, पण पडायला शिकवलं. उचलून आपटलं तर हवेतच वळायचं, पालथं पडायचं, हात टेकव, डोकं टेकव, मानेवर उभा राहा, मान मोडली तरी चालेल, पण पाठ मातीला लागू द्यायची नाही. रोज पहाटे जोर-बैठका झाल्या की हाच धडा. मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. राजेश्वरी जे करू नका म्हणत होती, नेमकं तेच माझ्या हाताला सहाव्या वर्षापासून पढवलेलं.

पंधराव्या वर्षी उंब्रजकडच्या एका यात्रेत माझी कुस्ती लागली. समोरचं पोरगं किडकिडीत, मी बघूनच निर्धास्त झालो. सलामी झाली, त्यानं हात दिला, आणि पुढचं मला आठवतच नाही. मला आठवतंय ते एकदम लिंबाच्या फांदीला बांधलेला कर्णा आणि त्याच्यामागं भगभगीत आभाळ. पाठीखाली माती मऊ होती, उन्हानं कोमट झालेली. खरं सांगायचं तर लागलं काहीच नव्हतं. मग गलका झाला आणि मला कळलं की मी आभाळ बघतोय. आबा मैदानाच्या कडेला बसले होते. ते उठले, धोतर झटकलं आणि हमरस्त्याकडं चालायला लागले. मी कपडे बगलेत मारून मागनं. यष्टीत ते पुढच्या बाकावर, मी मागच्या. घरी आल्यावर शिव्या दिल्या असत्या, दोन मुस्काडात मारल्या असत्या, तर मी आज वेगळा माणूस असतो. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढचा दुधाचा तांब्या धाकट्या भावापुढं, सयाजीपुढं, सरकला. आई माझ्याकडं न बघता चहाचा कप ठेवून गेली. कुणी तालमीत जाऊ नको म्हणालं नाही, मी आपणहून गेलो नाही. पुढं डी.एड. केलं. गावात विचारलं की आबा म्हणायचे, "थोरला व्हय? थोरला मास्तर हाय." वाईट काहीच बोलायचे नाहीत. आबांना जाऊन आठ वर्षं झाली. मी अजून कुशीवर झोपतो. बायको म्हणते, डाव्या कुशीवर घोरता, उजवीवर बोलता.

तर अशा माणसानं चौथीच्या पोरांना पडायला शिकवायचं. पहिल्या आठवड्यात मी युक्ती केली. वर्गातल्या टीव्हीवर राजेश्वरीचा व्हिडिओ लावला आणि बाजूला उभा राहून सांगत राहिलो, हनुवटी, नजर, हात. पोरं पडेनात. शंभूराज म्हणून एक पोरगं आहे, त्याचा चुलता पैलवान. तो सरळच म्हणाला, "सर, पाठ लागली म्हंजे हारलो की!" बाकीची पोरं 'व्हय, व्हय' करायला लागली. एकेक जण गादीवर यायचा आणि मागं जाता जाता मांजरासारखा वळून पोटावर. मला हसू पण येत होतं आणि आतून एक प्रकारचं समाधान पण होत होतं. आपलीच पोरं. कुणी शिकवलं नाही तरी यांना बरोबर माहीत आहे. फक्त आम्रपाली आली, खाली बसली, टीव्हीकडं एकदा बघितलं, हात छातीवर घेतले आणि गेली मागं. पाठ गोल, हनुवटी आत, दोन्ही हात गादीवर, फट्. उठली आणि म्हणाली, "सर, मज्जा येतीया." तिच्यापुढं शंभूराजचं काही चालेना. चार-पाच पोरी तिच्या मागनं पडायला लागल्या. तिच्या घरात कुणी अंगाला माती लावली नव्हती, म्हणून पाठ म्हणजे तिला नुसती पाठ होती. आमच्या गावच्या तालमीत पोरी नव्हत्या हे सांगायलाच नको, पण विहाराकडच्या आळीतलं एक पोरगंही नव्हतं, आणि ते का नव्हतं हे मी कधी विचारलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर, त्या आळीसारख्याच एका आळीतल्या पोरीचं मनगट मोडल्यावर, मला ते सुचतंय. शाबास रे मास्तर.

गुरुवारी उभं राहून मागं पडायचं होतं. पोरं म्हणाली, सर, तुम्ही दाखवा. शंभूराज म्हणाला, सर पैलवान हायेत, सरांचे कान बघा. मला नाही म्हणता आलं नाही. मी पडलो, म्हणजे पडलोच नाही, आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत आम्रपालीनं बोट वर केलं. म्हणाली, "सर, व्हिडिओत ताईंचा हात पुढं हाय. तुमचा मागं गेला."  आणि मी, जो एरवी पोरांनी चूक काढली की खडू बक्षीस देतो, मी म्हणालो, "व्हिडिओला बघायचं का मला बघायचं? मी शिक्षक आहे का टीव्ही?" पोरं हसली. ती पण जराशी हसली. तिचा नंबर आला तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, नीट, अभ्यासाकडं बघावं तसं, आणि मी केलं तसं केलं. तंतोतंत. एवढी आज्ञाधारक पोरगी माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी बघितली नाही. आणि कागदावर लिहिलं होतं, सूचनेकडे दुर्लक्ष करून.

मी पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं. सही केली नाही तर काय होईल ते मला पाठ होतं. नोटीस, खुलासा, चौकशी, तालुक्याला चर्चा. पैलवानाचं पोरगं आणि पडायला येईना म्हणून पोरीचा हात मोडला. गावापर्यंत जाईल. सयाजीला कळेल. सही केली तर काय होईल तेही दिसत होतं, आणि ते फारच सोपं होतं. काहीच होणार नव्हतं. ज्युडो बंद होईल, आम्रपालीचं प्लॅस्टर निघेल, आणि ती पोरगी जन्मभर असं धरून चालेल की आपण सांगितलेलं ऐकत नाही, आपल्याला नीट पडताही येत नाही. मला कुणी तरी एका दिवसात ठरवून टाकलं होतं तसं मी तिला ठरवून टाकणार होतो. सरकवायचा तो दुधाचा तांब्या यावेळी माझ्या हातात होता. अकराला पाच कमी असताना बाळासो सांगायला आला, "सर, ते आल्यात."

राजरत्न, तिचे वडील, वायरमन आहेत. खाकी शर्ट, खिशात टेस्टर. कामावरनंच आले होते, सोबत आम्रपाली, हात गळ्यात. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मोठ्या बाईंनी सुरुवात केली. "आम्हाला पण वाईट वाटलं हो. पण मुलं ऐकत नाहीत, काय करणार?" राजरत्न म्हणाले, "व्हय बाई. घरात पन तेच झालं. सरांचं ऐकत न्हाईस म्हनून तिच्या आईनं तिला दोन दिल्या. हात मोडलेला असताना दिल्या." त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, माफी मागावी तसं सांगितलं. आम्रपाली टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडं बघत होती. मला मारल्यासारखं झालं. म्हणालो, "राजरत्नराव, तिचं चुकलं न्हाई. ती बरोबर पडत होती. मी चुकीचं दाखवलं. तिनं मला सांगितलं पण होतं, सर, तुमचा हात मागं गेला म्हणून. मी तिला सगळ्या वर्गापुढं गप्प केलं."

"सर, जरा विचार करून बोला," बाई म्हणाल्या.

"चार दिवस तेच केलं बाई." मी बाळासोला हाक मारली आणि व्हिडिओ दाखवायला सांगितला. राजरत्नांनी मोबाइल हातात घेतला आणि बोर्डातला फॉल्ट बघतात तसा डोळे बारीक करून बघितला. त्यांना दुसऱ्यांदा लावावा लागला नाही. "ह्यो हात," ते म्हणाले.

"व्हय."

"हे तुमाला गुरुवारपास्नं ठावं हाय?"

"व्हय."

"मग चार दिस का गप बसला?"

 आबा, मैदान, कर्णा, हे सगळं घशापर्यंत आलं, पण ते उत्तर नव्हतं, ती कैफियत होती. मी म्हणालो, "भ्यालो." त्यांनी मान हलवली. माफ केल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मी बरोबर आणलेला कागद बाईंच्या टेबलावर ठेवला, छापलेल्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'माझ्या चुकीच्या प्रात्यक्षिकामुळे', आणि सही केली. बाई हळूच म्हणाल्या, "नोटीस येईल हं." येऊ दे म्हणालो. मग त्या राजरत्नांना म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका, ज्युडोचा तास आम्ही बंदच करतोय."

"बंद नगो," आम्रपाली म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. वडिलांकडं बघून म्हणाली, "पप्पा, मला येतंय ते. खरंच येतंय."

 राजरत्नांनी माझ्याकडं वळून विचारलं, "सर, तुमाला येतंय का पडाया?"

"न्हाई."

"मग शिका की आदी."

"शिकतो. सांगलीला फोन करतो, पुढच्या शिबिरात—"

"सांगली कशाला? हिला येतंय की." त्यांनी घड्याळ बघितलं. "मला जेवनाच्या सुट्टीपातूर सवड हाय."

चौथीचा वर्ग गाद्यांच्या कडेनं बसला. बाळासोनं मोबाइल काढला, मी त्याला नको म्हणालो, मग म्हणालो, काढ, काय हरकत आहे. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या, राजरत्न खिडकीपाशी. मी चप्पल काढून गादीवर गेलो आणि माझ्या समोर ती उभी राहिली, पांढऱ्या प्लॅस्टरवर कुणीतरी स्केचपेननं फूल काढलेलं. "खाली बसा आदी," ती म्हणाली. "उभ्यानं नगो तुमी. हात छातीवर घ्या. माझ्याकडं बघू नगा सर, पोटाकडं बघा." पोट भरपूर होतं, बघायला अडचण नव्हती. पोरं फिसफिसली. मी मागं गेलो आणि हात गेला मागं. मी पाठवला नाही, तो गेला. "गेला," आम्रपाली म्हणाली. दुसऱ्यांदा मी दोन्ही हातांनी शर्ट मुठीत धरला, तर अंगच वळलं, मी कुशीवर. शंभूराज ओरडला, "सर वाचले!" ती त्याला म्हणाली, "गप रं, वाचायचं नसतंय." तिसऱ्यांदा पुन्हा हात. चौथ्यांदा पुन्हा. माझ्या कपाळावर घाम आला होता, कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि दारातल्या बाईंची मला भयंकर लाज वाटत होती. ती मात्र कंटाळली नव्हती. जवळ आली, डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सर, खाली गादी हाय. काय होत न्हाई. मी सांगतीया न्हवं." आणि मनगट सोडलं.

मी गेलो. पाठ लागली, खांद्यापासून कमरेपर्यंत सगळी, आणि दोन्ही हात बाजूला आपटले, फट्. वर पत्रा होता, पंखा होता, पंख्याच्या एका पात्यावर कोळिष्टक होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही लागलं नव्हतं. एवढंच होतं तर, असं वाटलं, आणि आबांचा राग आला, मेलेल्या बापाचा, आणि त्या रागानंतर बरं वाटलं, इतकं बरं की उठावंसंच वाटेना. डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि मी ते पुसलं नाही. आम्रपाली आता काय म्हणते म्हणून मी वाट बघत पडून राहिलो. बरोबर होतं का, चूक होतं, हात कुठं होता, हनुवटी कुठं होती. ती काहीच म्हणेना. मान जराशी उचलून बघितलं तर तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. रांगेकडं तोंड करून ती पुढचा नंबर बोलावत होती. शंभूराज उठून माझ्या पायाशी येऊन उभा राहिला होता, आणि ती मागं वळून मला म्हणाली, "सर, उठा की आता. किती येळ गादी अडवून पडताय?"